कोजागरीला घरी पाहुणे बोलावताना: तयारीपासून निरोपापर्यंत

घरी पंचवीस-तीस माणसांना बोलवायचे ठरले की बहुतेक घरांत पहिली चर्चा पदार्थांची होते आणि पुढचा सगळा ताण तिथूनच सुरू होतो. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा. पाहुणे आलेले असतील त्या तीन-चार तासांत घरातले कोण कुठे असेल? ज्या समारंभात घरची बाई संध्याकाळभर कढईपुढे उभी असते आणि निरोपाच्या वेळीच काय ती पाहुण्यांच्या नजरेस पडते, तो समारंभ कितीही रुचकर झाला तरी आदरातिथ्यात उणा राहतो, कारण माणसे जेवायला येतात त्याहून अधिक भेटायला येतात. म्हणून पुढचा प्रत्येक निर्णय एकाच कसोटीला लावावा: पहिला पाहुणा दारात येईल तेव्हा घरातील सर्व माणसे हात पुसून, कपडे बदलून बाहेरच्या खोलीत असली पाहिजेत.

येथे उदाहरणासाठी कोजागरी घेतली आहे. आश्विन पौर्णिमेच्या या रात्रीला मोठे पूजाविधी नाहीत, नात्यागोत्याची अट नाही, आणि इमारतीत नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला आपल्यात सामावून घ्यायला इतका सोयीचा दिवस वर्षभरात क्वचितच सापडतो. नाशिकमध्ये या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांमुळे, मुलांच्या शिक्षणामुळे, बदल्यांमुळे खानदेशातून, कळवण-सटाणा-देवळा भागातून आणि परप्रांतांतूनही कुटुंबे येथे सतत येत असतात. इंदिरानगर, पाथर्डी फाटा किंवा म्हसरूळच्या नव्या इमारतींत समोरासमोर राहूनही वर्षभर केवळ मान हलवण्यापुरती ओळख असलेली घरे पुष्कळ आढळतात. पुढील सर्व प्रमाणे बावीस मोठी माणसे आणि आठ मुले, अशा तीस जणांसाठी दिली आहेत.

दिवस, वेळ आणि जागा

पौर्णिमेची तिथी पुष्कळदा दोन दिवसांत विभागलेली असते आणि कोजागरीसाठी मध्यरात्री पौर्णिमा असणारी रात्र धरतात, त्यामुळे केवळ मोबाइलमधील पौर्णिमेची तारीख पाहून निमंत्रणे देऊ नयेत. घरातील पंचांग किंवा दिनदर्शिका पाहून तारीख नक्की करावी. याच दिवशी सप्तशृंगी गडावर कावडयात्रा असते आणि नाशिकमधील अनेक कुटुंबांतले कोणी ना कोणी गडावर गेलेले असते. ज्यांच्या येण्याने समारंभाला अर्थ आहे, अशा दोन-तीन घरांना तीन आठवडे आधी तोंडी विचारून घ्यावे.

वेळेच्या बाबतीत चंद्राची गती लक्षात ठेवणे उपयोगाचे ठरते. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. ऑक्टोबरच्या मध्यास नाशिकला सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास होतो, म्हणजे आठ वाजता चंद्र पूर्वेकडे, फार उंच न चढलेला असतो आणि शेजारची उंच इमारत त्याला सहज झाकू शकते. मध्यरात्रीच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावर येतो. आदल्या संध्याकाळीही चंद्र जवळजवळ पूर्ण असतो आणि सुमारे तासभर आधी उगवतो, तेव्हा आदल्या दिवशी सात वाजता गच्चीवर जाऊन तो कोणत्या बाजूला दिसतो हे पाहून बैठक कुठे अंथरायची ते ठरवावे.

गच्ची सोसायटीची असेल तर सचिवांना लेखी कळवून परवानगी घ्यावी, आणि कळवताना संपण्याची वेळही लिहावी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. माझा सल्ला याहून थोडा पुढचा आहे: ध्वनिक्षेपक आणूच नये. तीस माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू यावे यासाठी ही रात्र आहे.

परतीचा पाऊस हा नाशिकच्या ऑक्टोबरातला खरा धोका आहे. गच्चीवरचा बेत आखताना पावसाळी पर्यायही त्याच दिवशी आखून ठेवावा: दिवाणखान्यातील कोणते फर्निचर कोणत्या खोलीत सरकेल, कोण उचलेल, समोरच्या घराचे दार त्या रात्री उघडे ठेवता येईल का. संध्याकाळी सहा वाजता आकाश पाहून निर्णय घ्यावा आणि मग तो बदलू नये, कारण सतरंज्या वर-खाली नेण्यातच घरची माणसे दमून जातात.

कोणाला आणि कसे बोलवावे

यादी करताना माझा एक आग्रह आहे. सर्वांची सर्वांशी ओळख असलेला गट जमवून त्यात एखादे नवे कुटुंब बसवले, तर ते कुटुंब संध्याकाळभर पाहुणेच राहते. नवी घरे दोन किंवा तीन असावीत. जुन्यांपैकी बोलकी, पण दुसऱ्याला बोलू देणारी माणसे निवडावीत. आणि लहान मुले असलेली किमान दोन घरे असावीत, कारण मुले दहा मिनिटांत एकमेकांत मिसळतात आणि मागोमाग त्यांच्या आई-वडिलांचीही बोलणी सुरू होतात.

नव्या कुटुंबाला मोबाइलवर निरोप पाठवू नये. नवरा-बायको दोघांनी त्यांच्या दारी जाऊन, दोन मिनिटे का होईना बसून निमंत्रण द्यावे. त्याच वेळी खाण्याची पथ्ये विचारून घ्यावीत, कारण दारात उभे राहून विचारलेल्या या प्रश्नाचे लोक मोकळेपणाने उत्तर देतात, तर भरल्या ताटापुढे संकोचाने गप्प राहतात. कांदा-लसूण चालतो का, पौर्णिमेचा उपवास आहे का, कोणाला मधुमेह आहे का, काजू-बदाम कोणाला सोसत नाहीत का, एवढे चार प्रश्न पुरेसे आहेत. नाशिकमध्ये जैन कुटुंबे बरीच आहेत आणि त्यांतील अनेकजण सूर्यास्तानंतर काहीही घेत नाहीत. अशा घराला रात्री आठला बोलावून ‘तुम्ही काहीच घेतले नाही’ असे म्हणत राहणे हा आग्रह नसून अडचण आहे. त्यांना पाच वाजता वेगळे बोलवावे, काय चालेल ते त्यांनाच विचारून ताजे करावे, आणि नंतर गप्पांसाठी थांबायचे की नाही हे त्यांच्यावर सोपवावे.

इतरांना लेखी निरोप चालतो, पण तो पूर्ण असावा. ‘कोजागरीला या’ एवढ्यावर पाहुण्याला घरून जेवून यायचे की उपाशी हे कळत नाही. निरोप असा लिहिता येईल: ‘सप्रेम नमस्कार. कोजागरीनिमित्त आपण सहकुटुंब आमच्याकडे यावे. सायंकाळी साडेसात वाजता गच्चीवर जमू. आठ वाजता मिसळपाव आहे, तेव्हा रात्रीचे जेवण आमच्याकडेच. साडेदहाला दूध होईल. लवकर निघणाऱ्यांसाठी साडेनऊलाही दूध तयार असेल. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंत आहे, पुढे एक जिना चढावा लागतो. गाड्या समोरच्या मैदानालगत लावाव्यात. येताना कृपया काहीही आणू नये.’ जिन्याचा उल्लेख किरकोळ वाटतो, परंतु गुडघेदुखी असलेल्या आजींना तो आधी कळला तर त्या वेळ काढून येतात. वर पोहोचल्यावर कळला तर पुढच्या वर्षी येत नाहीत.

बेत ठरवताना

कोजागरीला भेळ, बटाटेवडे, पावभाजी असे अनेक बेत केले जातात. वर सांगितलेली कसोटी लावली की त्यांतील निम्मे बाजूला पडतात. बटाटेवडा गरमच हवा, म्हणून कोणीतरी दोन तास तळत उभे राहणार. डोशाचेही तेच. भेळ सोपी असली तरी प्रत्येकाची वेगळी कालवावी लागते आणि दहा मिनिटांत मऊ पडते. नाशिकमध्ये घरगुती समारंभासाठी मिसळ हाच सर्वांत शहाणपणाचा बेत आहे, असे मी ठामपणे म्हणेन. उसळ आणि रस्सा दुपारीच तयार होतो आणि मुरल्यावर अधिक चांगला लागतो, फरसाण-पापड-दही-कांदा नुसते मांडायचे असतात, आणि प्रत्येकाला आपली ताटली आपल्या तिखटाने जुळवता येते. शिवाय काळ्या मसाल्याची चांगली की लाल तर्रीची, या विषयावर या शहरात प्रत्येकाचे काही मत असतेच. अनोळखी माणसांत बोलणे सुरू व्हायला तेवढे पुरते.

तीस जणांसाठी दीड किलो कोरडी मटकी घ्यावी. मटकी सकाळी भिजवावी, रात्री उपसून ओल्या पंचात बांधावी. ऑक्टोबरच्या उष्म्यात दुसऱ्या दिवशी सकाळी ती चांगली मोडावते. मोड आल्यावर लगेच करायची नसेल तर ती फ्रिजमध्ये ठेवावी, अन्यथा चिकट होऊन वास धरते. रस्सा आठ ते नऊ लिटर लागतो, कारण मिसळीत दुसऱ्यांदा मागितला जातो तो रस्साच. रस्सा स्वतः मध्यम तिखट ठेवून तर्री वेगळ्या भांड्यात काढावी, म्हणजे मुलांसाठी आणि वृद्धांसाठी दुसरे काही शिजवावे लागत नाही. कांदा-लसूण न खाणारे कोणी असेल तर उकडलेली मटकी फोडणीपूर्वीच बाजूला काढून, आले-खोबऱ्याच्या वाटणाची निराळी उसळ करावी, आणि तिचा डावही निराळा ठेवावा.

पाव मोठ्यांना तीन आणि मुलांना दोन या हिशेबाने ब्याऐंशी होतात. नव्वद आणावेत आणि बेकरीत दोन दिवस आधी सांगून ठेवावे. फरसाण दीड किलो, दही दीड किलो, कांदे दीड किलो, लिंबे पंधरा, कोथिंबिरीच्या तीन जुड्या, पापड चाळीस. पापड दुपारी भाजून किंवा तळून हवाबंद डब्यात ठेवले तर रात्रीपर्यंत कुरकुरीत राहतात. कांदा मात्र सहानंतरच चिरावा, कारण आधी चिरलेल्या कांद्याला उग्र वास येतो. हे काम घरातील पुरुषमंडळींनी अंगावर घ्यावे.

उपवास असणाऱ्यांसाठी भगर आणि दाण्याची आमटी दुपारी करून ठेवता येते. याखेरीज आणखी पदार्थ वाढवू नयेत. चौथा गोड पदार्थ पाहुण्याला आठवत नाही, पण तो करता करता थकलेला यजमान मात्र त्याच्या लक्षात राहतो.

दूध

या रात्रीचा मान दुधाचा आहे आणि घाईने केलेले दूध लगेच ओळखू येते. मोठ्यांना प्रत्येकी २०० मिलिलिटर, त्यांतील निम्मे दुसरा पेला घेतील असे धरून, आणि मुलांना १५० मिलिलिटर, या हिशेबाने तयार दूध पावणेआठ लिटरच्या आसपास लागते. आटण्याची तूट धरून नऊ लिटर कच्चे दूध घ्यावे. म्हशीचे दूध किंवा पिशवीतले ६ टक्के स्निग्धांशाचे दूध घेतल्यास फार वेळ न आटवताही दाटपणा येतो. कोजागरीच्या दिवशी दुधाची मागणी एकदम वाढते, तेव्हा नेहमीच्या दूधवाल्याला आठवडाभर आधी आकडा सांगून ठेवावा, आणि आदल्या दिवशी आठवणही करून द्यावी.

मसाला घरीच करावा. २०० ग्रॅम बदाम, १०० ग्रॅम काजू आणि १०० ग्रॅम पिस्ते मंद आचेवर नुसते कोमट होईपर्यंत परतून, पूर्ण गार झाल्यावर मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावेत. सलग फिरवल्यास त्यांना तेल सुटते आणि पूड न होता गोळा बनतो. त्यात १५ ग्रॅम वेलदोड्यांची पूड आणि अर्धे जायफळ किसून घालावे. जायफळ याहून वाढवू नये, दूध कडवट होते. अर्धा ग्रॅम केशर किंचित गरम करून, चुरून, वाटीभर कोमट दुधात तासभर भिजत ठेवावे. सुका मेवा आणि मसाले रविवार कारंजा, भद्रकालीकडच्या जुन्या किराणा दुकानांत निवडून घेता येतात. त्या भागात गाडी लावायला जागा मिळणे कठीण असते, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी दुकाने उघडताना जावे. मोठे पातेले विकत घ्यायचे असेल तर भांडी बाजार तिथून जवळच आहे, परंतु वर्षातून एकदा लागणाऱ्या पातेल्यासाठी सोसायटीची किंवा भाड्याची भांडी अधिक सोयीची.

नऊ लिटर दुधाला किमान चौदा लिटरचे, जाड बुडाचे पातेले हवे, किंवा दोन लहान पातेली. पातेल्यात आधी पेलाभर पाणी फिरवून मग दूध ओतावे, म्हणजे ते बुडाशी लवकर लागत नाही. सगळ्या पिशव्या किंवा सगळे रतीब एकदम एकत्र करू नयेत. प्रत्येकातले थोडे थोडे लहान भांड्यात उकळून पाहावे, कारण एक लिटर नासके दूध बाकीच्या आठ लिटरांचे वाटोळे करते. घरगुती शेगडीवर एवढे दूध उकळायला पाऊण तास आणि आटायला आणखी तासभर लागतो. म्हणून पाचला सुरू करून सातच्या आत हे काम संपवावे. कडेची साय खरवडून पुन्हा दुधात ढकलत राहावी. साखर शेवटच्या पंधरा मिनिटांत घालावी, लिटरला ८० ग्रॅम म्हणजे एकूण पाऊण किलोच्या जवळपास. त्याआधी दीड लिटर बिनसाखरेचे दूध काढून ठेवावे आणि त्या प्रमाणात साखर कमी करावी. मसाला आणि केशर गॅस बंद करतानाच घालावे, म्हणजे सुवास टिकतो.

यानंतर दूध झाकून ठेवावे आणि साडेनऊला व साडेदहाला पुन्हा एक उकळी आणावी. शिजलेले अन्न गार होऊन दोन तासांपेक्षा अधिक वेळ बाहेर राहू नये, हा नियम दुधाला सर्वांत आधी लागू होतो. गच्चीवर शेगडी नेणार असाल तर सिलिंडर उभाच ठेवावा, वाऱ्याच्या बाजूला आडोसा करावा, आणि शेगडीभोवती मुले येऊ नयेत यासाठी एक मोठा माणूस नेमावा. मला स्वतःला खालच्या स्वयंपाकघरात उकळी आणून दूध थर्मासच्या मोठ्या पिंपातून वर नेणे अधिक सुरक्षित वाटते. चंद्राचे प्रतिबिंब पाहण्यासाठी एका रुंद पातेल्यातले थोडे दूध वर ठेवले की प्रथाही पाळली जाते.

मिसळ आणि दूध यांत किमान दीड तासाचे अंतर ठेवावे. दही-लिंबाच्या आंबटावर लगेच दूध घेणे अनेकांना सोसत नाही, आणि तिखट उतरल्याशिवाय केशराची चवही कळत नाही.

दोन दिवस आधीपासून

दोन दिवस आधी सकाळी मटकी भिजवावी, मसाला करून ठेवावा, भांडी मोजून घ्यावीत. आदल्या दिवशी घराची झाडलोट, गच्ची धुणे, सतरंज्यांना ऊन देणे आणि दिव्यांच्या माळा लावून पाहणे ही कामे उरकावीत. गच्चीवर झगझगीत दिवा नको. चांदणे दिसावे म्हणूनच तर आपण वर जातो. जिन्यात आणि कठड्याजवळ मात्र पुरेसा उजेड हवाच.

ताटल्या-पेले शक्यतो स्टीलचे असावेत. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या आणि एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून ती देशभर लागू झाली. भांडी घासण्याचे ओझे टाळायचे असेल तर पत्रावळी आणि कागदी द्रोण चालतात, पण मिसळीचा पातळ रस्सा द्रोणातून झिरपतो, म्हणून खोलगट ताटली किंवा स्टीलची वाटीच बरी. धुण्यासाठी एखाद्या मावशींना रात्री अकरानंतर न थांबवता दुसऱ्या दिवशी सकाळी बोलवावे आणि त्याचे वेगळे पैसे आधीच ठरवावेत. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे दोन जार पुरतात.

प्रत्यक्ष दिवशी दुपारी दोनपर्यंत उसळ-रस्सा, चारपर्यंत पापड आणि भगर, पाच ते सात दूध. सातनंतर स्वयंपाकघरात कोणीही नवे काम काढू नये, राहून गेलेली गोष्ट आठवली तरीही. एवढे पाळले की सव्वासातला सर्वजण तयार होतात.

बैठक

सतरंज्या एका मोठ्या गोलात न अंथरता दोन-तीन लहान गोलांत अंथराव्यात. तीस माणसांच्या एका गोलात तिघेच बोलतात आणि बाकीचे ऐकतात. खुर्च्या दहा तरी हव्यात, आणि त्या एका कडेला रांगेने न मांडता प्रत्येक गोलात तीन-चार ठेवाव्यात, नाहीतर सगळी वृद्ध मंडळी वेगळी पडतात. वाढण्याचे टेबल जिन्यापासून दूर आणि दोन्ही बाजूंनी जाता येईल असे लावावे. सुरुवातीला ताटल्या, मग मटकी, फरसाण, रस्सा, तर्री, आणि शेवटी पाव, दही, कांदा, लिंबू. रस्सा वाढायला एक माणूस उभा असावा. गरम रस्सा मुलांनी स्वतः घेऊ नये एवढ्यासाठीच तो हवा, आणि दर वीस मिनिटांनी तो बदलावा.

सजावटीत फार गुंतू नये. दारात लहानशी रांगोळी, उंबऱ्याशी पणती आणि झेंडूच्या दोन माळा एवढ्याने घर सणाचे दिसते. दसऱ्यानंतर झेंडूचा भावही पुष्कळदा उतरलेला असतो.

दारातली पहिली दहा मिनिटे

नव्या पाहुण्याचा संकोच पहिल्या दहा मिनिटांत सुटला तर सुटतो. म्हणून साडेसात ते आठ या वेळेत घरातील एक जण केवळ दारात उभा असावा आणि त्याला दुसरे कोणतेही काम नसावे. चपला कुठे काढायच्या, हात कुठे धुवायचे, गच्चीचा जिना कोणता, हे पाहुण्याने विचारण्याआधी सांगावे. गुलाबपाणी शिंपडावे, अत्तर लावावे. एके काळी गुलशनाबाद म्हणून ओळखल्या गेलेल्या या शहरात गुलाबाने स्वागत करणे शोभूनही दिसते. हळदीकुंकू आणि गजरा द्यायचा असेल तर येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला द्यावा. नवरा हयात आहे की नाही हे पाहून तबक पुढे किंवा मागे नेण्याची रीत कित्येक घरांनी केव्हाच सोडली आहे आणि ज्यांनी सोडली नसेल त्यांनी ती या रात्री सोडावी. ज्यांच्या धर्मात कुंकू लावत नाहीत त्यांना नुसते फूल द्यावे.

पाहुणा वर पोहोचला की त्याला ‘बसा ना’ म्हणून सोडून देऊ नये. प्रत्येक नव्या कुटुंबासाठी जुन्यांपैकी एक जोडपे आधीच सांगून ठेवावे, ज्यांनी त्यांच्याजवळ बसावे, वाढायला सोबत न्यावे आणि इतरांशी गाठ घालून द्यावी. ओळख करून देताना नाव आणि फ्लॅट क्रमांक सांगून थांबू नये. दोघांना जोडणारा एखादा धागा द्यावा. ‘यांचं माहेर सटाण्याचं आहे, आणि वहिनी, तुमच्या काकूही तिकडच्याच ना?’ एवढ्या वाक्यावर दोन अनोळखी बायका अर्धा तास बोलू शकतात. मराठी न येणारे कोणी असेल तर त्यांच्या गोलात हिंदीत बोलावे, आणि त्यांच्या गावी शरद पौर्णिमेला काय करतात हे त्यांना आवर्जून विचारावे. बंगाली घरांत याच रात्री लक्ष्मीपूजा असते आणि उत्तरेकडे चांदण्यात खीर ठेवतात, त्यामुळे सांगण्यासारखे त्यांच्याकडेही भरपूर असते.

रात्र कशी पुढे न्यावी

साडेसातला नारळ-पोह्यांचा नैवेद्य दाखवून सर्वांना थोडे थोडे द्यावे; आठला मिसळ. जेवण आटोपल्यावर, साधारण नऊ वाजता, ज्येष्ठ अपत्यांचे औक्षण करावे. घरातील पहिल्या मुलाला किंवा मुलीला या दिवशी ओवाळण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे, आणि समारंभात ती फार सुंदर रीतीने उपयोगी पडते: जमलेल्यांत जे जे आपल्या घरी थोरले असतील, मग ते सहा वर्षांचे असोत की सत्तर, त्या सर्वांना एका ओळीत बसवून एकत्र ओवाळावे. नव्या कुटुंबातील मूलही त्या ओळीत बसते आणि कार्यक्रमाचा भाग होते.

यानंतर मुलींसाठी आणि खरे तर सर्वांसाठीच भोंडला घ्यावा. अनेक ठिकाणी भोंडल्याची सांगता कोजागरीलाच होते. पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरायला जागा फार लागत नाही, गाणी ठाऊक नसलेल्यांनाही फेरात चालता येते, आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखण्याचा जो खेळ होतो त्यात भाषेचीही अडचण येत नाही. डबा हलवून, आवाज ऐकून, गोड की तिखट, ओली की कोरडी असे विचारत जो ओळखेल त्याने पहिला घास घ्यावा. खिरापतीसाठी नाशिकचा चिवडा ठेवल्यास परगावची मंडळी बराच वेळ अडून बसतात. ज्यांना खेळायचे नाही त्यांना ओढून उठवू नये. बसून पाहण्यातही सहभाग असतो.

साडेनऊला पहिले दूध वृद्धांना आणि लहान मुलांच्या घरांना द्यावे आणि निघायचे असल्यास त्यांना मोकळेपणाने निघू द्यावे. नाशिकरोड किंवा देवळालीकडून आलेल्यांना परतीला रात्री वाहन मिळणे अवघड जाते, तेव्हा त्यांच्या दिशेने कोणाची गाडी जाणार आहे हे यजमानानेच आधी पाहून ठेवावे. साडेदहाला सर्वांना दूध द्यावे, आणि बिनसाखरेच्या पेल्यांना आधीच खूण करून ठेवावी. त्यापुढे गाण्याच्या भेंड्या नकोत, शेजारी झोपलेले असतात. हळू आवाजातल्या गप्पा पुरतात. साडेअकराच्या सुमारास गोल आपोआप विरळ होऊ लागतात. नव्या कुटुंबाला निरोप देताना यजमानांनी खाली दारापर्यंत जावे आणि पुढच्या भेटीचे काही ठरवून टाकावे, मग ते दिवाळीच्या फराळाचे निमंत्रण असो की रविवारी सकाळी एकत्र फिरायला जाणे.

पाहुणे गेल्यानंतर

त्या रात्री तीनच कामे करावीत. उरलेले दूध उकळून, गार करून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी संपवावे. त्याची बासुंदी उत्तम होते. उरलेली उसळही फ्रिजमध्ये जावी, पण फरसाण मिसळलेली किंवा उष्टी झालेली ठेवू नये. ओला आणि सुका कचरा वेगळा बांधून ठेवावा, म्हणजे सकाळी घंटागाडी आली की धावपळ होत नाही. भांडी पाण्यात भिजवून झोपावे.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांची पातेली परत करावीत. ती रिकामी देऊ नयेत, मूठभर चिवडा किंवा चार फळे घालून द्यावीत. त्यानंतर पंधरा मिनिटे काढून एका वहीत नोंद करावी: दूध किती आणले आणि किती उरले, पाव कमी पडले का, रस्सा कुठे संपला, कोणाला काय सोसत नाही, कोणत्या दोन घरांचे चांगले जमले, कोण एकटे बसून राहिले. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस येतात, त्या वेळी माणसांची आणि सामानाची यादी या वहीतूनच करायला घ्यावी.